धाव, कडे आणि कठडा
घडीव लोखंडाचे शिल्पकाम व वास्तुकाम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

पनवेलचे नाव घेतले असता आज महामार्ग, लोहमार्ग आणि विमानतळ यांची आठवण प्रथम होते. परंतु ज्या काळी मुंबईहून खाडीमार्गे आलेला माल येथील बंदरावर उतरून बैलगाड्यांनी घाटावर जात असे, त्या काळी या गावाची ख्याती एका निराळ्याच जिनसेकरिता होती, आणि ती जिन्नस म्हणजे गाडीचे चाक. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर कोकण आणि देश यांच्यामधील वाहतूक चाकांवर आली. जुन्या सरकारी गॅझेटियरात पनवेलच्या धंद्यांत चाके घडविण्याच्या धंद्याची आवर्जून नोंद झाली. तुंबा, आरे आणि पुठ्ठे सुताराने जुळवावेत आणि त्यांवर लोखंडाची धाव लोहाराने चढवावी, हा त्या कामाचा शिरस्ता होता.

धाव चढविण्याचे काम ज्यांनी एकदा जवळून पाहिले आहे, त्यांच्या स्मरणातून ते जात नाही. चाक जमिनीवर आडवे पक्के केलेले असते. शेजारी गोवऱ्या आणि लाकूडफाटा यांच्या वर्तुळाकार आगीत लोखंडी पट्टीची धाव लाल होत असते. दोघेतिघे ती सांडशींनी उचलून चाकावर टेकवितात, पुठ्ठ्यांचे लाकूड धुरावते, एखाद्या ठिकाणी ज्वाळ उठते, हातोड्याचे चारदोन ठोके पडतात आणि लगोलग पाण्याच्या घागरी रित्या होतात. मग त्या वाफेच्या पडद्याआडून आऱ्यांचे आणि पुठ्ठ्यांचे सांधे करकरत आवळले गेल्याचा आवाज येतो. यामागे सरळ हिशेब आहे. १.२ मीटर व्यासाच्या चाकाचा परिघ सुमारे ३.७७ मीटर भरतो. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षांश १२ भागांनी वाढते. म्हणून ६०० अंशांनी तापविलेली धाव सुमारे २.७ सेंटिमीटर लांबावते आणि निवताना तितकीच आखडू पाहते. धाव मुळातच चाकापेक्षा किंचित आखूड केलेली असल्यामुळे तिला पूर्ण आखडावयास जागा उरत नाही, आणि या अडविलेल्या संकोचाच्या बळावरच ती सारे चाक आवळून धरते.

लोखंड तापले की वाकते, हे सर्वांस ठाऊक असते. ते निवताना धरते, ही गोष्ट मात्र शिकणाऱ्याच्या ध्यानात उशिरा येते. माझ्या मते घडीव लोखंडाच्या कलेचा अर्धा भाग या दुसऱ्या वाक्यात आहे. वेलबुट्टी, पाने, फुले, पीळ यांच्या मोहात पडून जो भट्टीपाशी येतो, त्याने आधी जोड शिकावा. कारण जोड चांगला असेल तर तोच अलंकार होतो, आणि आमच्या कोकणच्या दमट, खारट हवेत तर जोडाच्याच फटीतून गंज शिरत असल्यामुळे कामाचे सौंदर्य आणि कामाचे आयुष्य हे दोन्ही प्रश्न तेथे एक होतात. पुढील सारे विवेचन या दृष्टीने केले आहे.

मालाची निवड

बाजारात ‘रॉट आयर्न’ या नावाने जे जाळीकाम विकले जाते, ते बहुधा त्या नावाच्या धातूचे नसते. जुन्या काळचे खरे घडीव लोखंड तंतुमय असे, त्यात कीटाचे बारीक धागे राहिलेले असत, आणि आता ते नव्याने बनत नाही. आज आपल्या हाती येते ते मऊ पोलाद, ज्यात कर्बाचे प्रमाण पाव टक्क्याच्या आत असते. यात खेद मानण्याचे कारण नाही, कारण हे पोलाद एकजिनसी आणि घणाखाली सालस असते. कळंबोलीचा लोखंड-बाजार पनवेलच्या अगदी उंबरठ्यावर असल्याने येथील शिकाऊ माणसाला मालासाठी फार हिंडावे लागत नाही. मात्र तेथे जाताना १० आणि १२ मिलिमीटरचे चौकोनी गज, १२ मिलिमीटरच्या गोल सळया आणि काही पट्ट्या, सारे साध्या मऊ पोलादाचे, असा नेमका तपशील लिहून न्यावा. स्लॅबसाठी वापरतात ती पीळदार सळई या कामास घेऊ नये. तिच्या अंगावरील कंगोरे घडाईत घड्या सोडतात आणि तिचा कस जागोजागी सारखा असेलच असे नाही.

वजनाचा अदमास तोंडी करता यावा. गोल सळईचा मिलिमीटरमधील व्यास, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये, हे सूत्र बांधकामावरील प्रत्येक मुकादमास पाठ असते. चौकोनी गजासाठी बाजूचा वर्ग भागिले १२७ असे धरावे. १२ मिलिमीटरचा चौकोनी गज त्या हिशेबाने मीटरला १.१३ किलोग्रॅम भरतो.

एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण तिच्याबाबत हयगय झाल्यास शरीराची हानी होते. जस्ताचा लेप असलेले नळ, पत्रे किंवा खिळे कधीही भट्टीत घालू नयेत. त्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, आणि हा धूर अधिक प्रमाणात छातीत गेल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते.

भट्टी आणि तिचा वारा

भट्टी म्हणजे विस्तवाला दिलेला आकार. विटा-मातीचा ओटा, त्यावर निखाऱ्यांसाठी खोलगट जागा आणि बाजूने किंवा तळातून येणारी वाऱ्याची नळी, इतके असले की भट्टी उभी राहते. पूर्वी वारा भात्याने देत. आता हाताने फिरविण्याचा पंखा किंवा लहान विजेचा ब्लोअर मिळतो, परंतु ब्लोअर घेतल्यास वाऱ्याला झडप अवश्य बसवावी, कारण वारा थांबविता न येणारी भट्टी ही लगाम नसलेल्या घोड्यासारखी असते. इंधनासाठी लाकडी कोळसा स्वच्छ आणि शिकणाऱ्यास अनुकूल असला तरी तो लवकर संपतो. दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण आधी त्याचा धूर जळून जाऊन त्याचा कोक व्हावा लागतो. कीट तळाशी साचून वाऱ्याची वाट अडविते. ते दर तास-दोन तासांनी, वारा बंद करून, सळईने उचलून काढावे.

लोखंड वाऱ्याच्या तोंडाशी धरू नये. तेथील अतिरिक्त प्राणवायू धातूला खातो आणि त्यावर जाड खपली धरते. निखाऱ्यांचा चांगला जाड थर खाली आणि थोडे निखारे वर, असा मधला गाभा हीच लोखंडाची योग्य जागा होय. गॅसची भट्टी शहरी वस्तीत सोयीची असते, धूर कमी करते, आणि तिच्यात लांब गज सारखा तापतो. परंतु घरगुती सिलिंडर या कामी वापरू नये, आणि कोणतीही भट्टी बंद खोलीत चालवू नये, कारण तिच्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही.

ऐरण, हातोडा, सांडस

ऐरणीची उंची ठरविण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे: सरळ उभे राहून हात सैल सोडावा, मूठ वळावी, आणि मुठीच्या गाठी जेथे येतील तेथे ऐरणीचा माथा असावा. उंच ऐरण खांदा मोडते, सखल ऐरण कंबर मोडते. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट जखडावी आणि ओंडका जमिनीत पुरावा. भट्टीखालची व ऐरणीभोवतालची जमीन मातीची असावी. सिमेंटच्या फरशीवर लालभडक तुकडा पडला तर तिच्यातील ओल वाफ होऊन कपचे उडतात.

नवी ऐरण परवडत नसेल तर रुळाचा तुकडा चालतो, आणि तो आडवा ठेवण्यापेक्षा उभा पुरला तर घावाखाली अधिक वस्तुमान येते. मीटरला ६० किलोग्रॅम वजनाच्या रुळाचा अर्धा मीटर तुकडा ३० किलोग्रॅम भरतो. मात्र रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून असा तुकडा लिलावातून आलेल्या मालापैकी असल्याची खातरजमा करून आणि रीतसर पावतीनिशीच घ्यावा, आणि ती पावती दप्तरात जपून ठेवावी.

हातोडा १ ते सव्वा किलोग्रॅमचा पुरे. जड हातोड्याने काम लवकर होते हा समज चुकीचा आहे, कारण थकलेल्या मनगटाचा घाव वाकडा पडतो. हातोड्याच्या तोंडाच्या कडा कानशीने किंचित गोल कराव्यात, नाहीतर प्रत्येक चुकलेला घाव लोखंडावर चंद्रकोर उमटवितो. सांडस गजाच्या मापाची असावी. सैल सांडशीतून सुटलेला तापला गज कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. छिन्न्या, सुंबे आणि टोचे स्वतः घडविणे हा शिकणाऱ्याचा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य होय. ट्रकच्या कमान-पाट्याचे भंगारातील पोलाद त्यासाठी चांगले असते. हत्यार लाल तापवून तेलात निवविले की ते काचेसारखे कठीण होते. त्याचे पाणी थोडे उतरविण्यासाठी टोक घासून चकचकीत करावे, मागच्या बाजूने हळूहळू ताप द्यावा, आणि टोकावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असे रंग धावू लागले की छिन्नीसाठी जांभळ्यावर, म्हणजे सुमारे २८० अंशांवर, ते थांबवावे.

सुती कपडे, चामड्याचा ॲप्रन, बंद जोडे आणि डोळ्यांवर चष्मा यांविषयी चर्चा नको. नायलॉनचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, एवढे लक्षात असू द्यावे.

रंगांची भाषा

लोखंड आपला ताप रंगाने सांगते, आणि ही भाषा अंधूक उजेडातच नीट वाचता येते. म्हणून भट्टी सावलीत असावी. ७५० ते ८०० अंशांपाशी ते पिकल्या जांभासारखे लाल असते, ९५० च्या सुमारास नारिंगी, ११०० च्या पुढे पिवळे, आणि १३०० जवळ पांढरेशुभ्र. जोरकस घडाई पिवळ्या-नारिंगी तापात करावी, अखेरचे सफाईचे ठोके लालीवर द्यावेत, आणि लाली मावळली की हात आवरावा. विशेषतः २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, जेव्हा घासलेल्या पृष्ठावर निळसर झाक दिसते, तेव्हा पोलाद ठिसूळ असते आणि ठोकल्यास चिरते.

उलट टोकाला दुसरा धोका आहे. माझ्या उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात एका गजाचे टोक भट्टीत विसरले गेले. बाहेर काढताच त्यातून दिवाळीच्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, आणि मला ते दृश्य सुंदर वाटले. उस्तादांनी न बोलता ते टोक छिन्नीने तोडून टाकले. जळालेले लोखंड पुन्हा घडत नाही, आणि ठिणग्या निघू लागल्या म्हणजे ते जळू लागले, हा धडा त्या दिवशी मिळाला तो कायमचा.

मूळ क्रिया

लोहाराच्या क्रिया मोजक्या आहेत: निमुळते करणे, लांबविणे, दाबून जाड करणे, वाकविणे, पिळणे, चिरणे आणि भोक पाडणे. या साऱ्यांच्या मुळाशी एकच नियम असतो, तो हा की धातूचे घनफळ कायम राहते. २० मिलिमीटर चौकोनी गजाचे १० सेंटिमीटर घेऊन ते १० मिलिमीटर चौकोनी केले तर लांबी चौपट, म्हणजे ४० सेंटिमीटर होते. तेच सूचीसारखे टोकदार करावयाचे तर घनफळ एकतृतीयांश पुरते, म्हणून ३० सेंटिमीटर लांबीचे टोक काढण्यास मूळ गजाचे १० सेंटिमीटर घ्यावेत. हा हिशेब आधी करणारा कारागीर माल वाया घालवीत नाही.

गोल सळईला टोक काढताना तिला थेट गोल-गोल ठोकू नये, कारण त्याने गाभा फाटून टोकाशी पोकळी पडते. आधी चौकोनी करावे, चौकोनीतच निमुळते करावे, मग कोपरे मारून अष्टकोनी आणि अखेरीस गोल करावे. भोक पाडताना सुंबा एका बाजूने तळाचा कठीणपणा हाताला जाणवेपर्यंत मारावा, गज उलटावा, आणि पाठीवर जो किंचित काळसर ठिपका दिसेल त्यावर सुंबा धरून ठोका द्यावा. चकती खाली पडते. सुंबा दर दोनतीन ठोक्यांनी पाण्यात बुडवावा, अन्यथा तो मऊ होऊन भोकातच रुतून बसतो. पीळ द्यावयाचा तर ताप सारखा हवा; जेथे लोखंड अधिक लाल तेथे पीळ दाट पडतो, म्हणून नको त्या जागी पाण्याचे थेंब सोडून तो आवरावा.

दोघांनी काम करण्याची रीत ज्यांना शिकावयाची असेल त्यांनी महाराष्ट्रात गावोगाव पाल ठोकून राहणाऱ्या घिसाडी कारागिरांचे काम आदराने पाहावे. तेथे पुष्कळदा पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि स्त्री घण घालते. लहान हातोडा जागा दाखवितो, घण त्या जागेवर पडतो, आणि दोघांमध्ये शब्दाचीही गरज लागत नाही. त्यांचा वेळ घेतल्यास त्याचा योग्य मेहनताना द्यावा.

जोड

वितळजोड, म्हणजे वेल्डिंग, निषिद्ध आहे असे मी म्हणणार नाही. तथापि जो केवळ त्यावर विसंबतो त्याच्या कामात प्रत्येक सांधा लपविण्याची, घासण्याची आणि रंगाखाली दडविण्याची धडपड दिसते. जुनी पद्धत याच्या उलट आहे. तीत सुतारकामातील कूस आणि खाच यांप्रमाणे गजाच्या टोकाला कूस काढून ती पट्टीच्या भोकातून पार न्यावी आणि वर आलेले टोक तापवून ठोकून त्याची टोपी करावी. कूस भोकाबाहेर व्यासाच्या सव्वा ते दीड पट राहिली म्हणजे टोपी नीट भरते. जेथे एका गजातून दुसरा आरपार न्यावयाचा असेल तेथे भोक कापून न काढता गज उभा चिरून तापल्या स्थितीत रुंदवावा. त्यामुळे माल जात नाही, बाजूंना सरकतो, आणि गजाच्या पोटाला जो फुगवटा येतो तो कोणत्याही बाहेरून चिकटविलेल्या फुलापेक्षा देखणा असतो.

तापवून सांधणे हा सर्वांत जुना जोड. दोन्ही टोके जाड करून उतरती करावीत, त्यांवर टाकणखार टाकावा, जवळजवळ पांढरा ताप यावा, आणि पहिले ठोके हलके पण झटपट द्यावेत. दिल्लीचा लोहस्तंभ ७ मीटरहून उंच आणि ६ टनांहून जड आहे, आणि सोळा शतकांपूर्वी लोखंडाचे गोळे असेच एकावर एक सांधून तो घडविला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या क्रियेविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

परंतु ज्या जोडासाठी मी हा लेख लिहावयास घेतला तो म्हणजे कडे. वेलबुट्टीची दोन वेटोळी जेथे एकमेकांस टेकतात तेथे त्यांना बांधणारी ती छोटी पट्टी. समजा, १२ मिलिमीटरचे दोन चौकोनी गज शेजारी आले आहेत. त्यांच्या जुडीचा परिघ ७२ मिलिमीटर झाला. ५ मिलिमीटर जाडीची पट्टी कड्यासाठी घेतली तर या परिघात जाडीच्या अडीच पट, म्हणजे साडेबारा मिलिमीटर मिळवावे. साडेचौऱ्याऐंशी मिलिमीटरचा तुकडा झाला. त्याच मापाच्या दोन भंगार गजांवर आधी एक कडे चढवून पाहावे, मिलिमीटर कमीजास्त वाटल्यास माप सुधारावे, आणि मगच बाकीचे तुकडे कापावेत. तुकडा ठोकळ्यावर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून ठेवावा. मग नारिंगी तापवून थंड गजांवर चढवावा, एक पाय दुमडावा, लगेच दुसरा दुमडावा, आणि दोन्ही तोंडे एकमेकांस भिडेपर्यंत चारी बाजूंनी ठोकावे. हे सारे एका तापात, मनात दहा म्हणेपर्यंत व्हावयास हवे. मग हात आवरून पाहत राहावे. ९०० अंशांवरून निवताना ती इवलीशी पट्टी जवळजवळ १ मिलिमीटर आखडू पाहते, गज तिला आखडू देत नाहीत, आणि जोड हलविता हलत नाही. पनवेलच्या लोहाराने चाकावर धाव चढविताना ज्या नियमाचा आधार घेतला, तोच नियम येथे बोटभर जागेत काम करीत असतो.

वास्तुकाम : एका कठड्याचा हिशेब

सज्जाचा कठडा घडविताना प्रथम सुरक्षितता, मग प्रमाण आणि मग शोभा असा क्रम ठेवावा. उंची १ मीटरपेक्षा कमी नसावी आणि दोन गजांमधील फट १० सेंटिमीटरच्या आत असावी, जेणेकरून लहान मुलाचे डोके अडकणार नाही. ३ मीटर लांबीच्या जागेत १२ मिलिमीटरचे २६ गज लावले तर २७ फटी पडतात आणि प्रत्येक फट ९.९६ सेंटिमीटर येते; २५ गज लावल्यास ती १० च्या पुढे जाते. गजांचे वजन सुमारे साडेएकोणतीस किलोग्रॅम, आणि वरखाली ४० गुणिले १० मिलिमीटरच्या पट्ट्या धरल्यास त्यांचे सुमारे १९. एकूण सुमारे ४८ किलोग्रॅम. वेलबुट्टीचा भाग याखेरीज.

आराखडा जमिनीवर किंवा पत्र्यावर खडूने पूर्ण मापाचा काढावा. वेटोळ्याला किती लांबीचा गज लागेल हे काढण्यासाठी ओला दोरा गजाच्या मध्यरेषेवरून ठेवावा आणि मग तो ताणून मोजावा. वेटोळ्याचे टोक आधी घडवावे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखे पसरट किंवा गाठीसारखे भरीव करावे. टोक बोथट कापलेले राहिले तर सारे वळण निर्जीव दिसते. एकसारखी अनेक वेटोळी हवी असतील तर पहिल्यावरून पट्टीचा साचा करावा, परंतु पहिले वेटोळे मात्र डोळ्याने आणि हातानेच घडवावे.

ज्यांना या कामाचे नमुने पाहावयाचे असतील त्यांना दूर जावे लागणार नाही. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८६६ साली तीन कार्यशाळा निघाल्या. शोभाचित्रणाची जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, मूर्तिकामाची लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि तिसरी, हिगिन्स यांच्याकडील, घडीव लोखंडाच्या शोभाकामाची होती. म्हणजे चित्र आणि मूर्ती यांच्या बरोबरीने लोहारकामाला या कलाशाळेत स्थान मिळाले होते. १८७८ ते १८८८ या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शोभाकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि पनवेलहून हार्बर मार्गाने निघालेली गाडी आजही त्याच वास्तूत जाऊन थांबते. तेथील जिने आणि कठडे पाहताना घडीव काम आणि ओतीव काम ओळखण्याचा अभ्यास करावा. ओतीव नक्षीत प्रत्येक फूल तंतोतंत सारखे असते, घडीव कामात दोन जुळ्या भावांइतका फरक उरतोच.

शिल्पकाम

शिल्पासाठी लोखंड घेणाऱ्याने त्याला मातीसारखे वागवू नये. मातीत भर घालता येते, पाषाणातून काढता येते. लोखंडात असलेलेच वस्तुमान एका जागेहून दुसऱ्या जागी न्यावयाचे असते. बस्तरच्या कोंडागाव परिसरातील कारागिरांची लोहशिल्पे या दृष्टीने मनन करण्यासारखी आहेत. दिवे, हरिणे, वादक यांच्या आकृतींत ते पट्टीलाच चिरून पाय काढतात, तिलाच पीळ देऊन मान वळवितात. अंगाचा बारीकसारीक तपशील सोडून देतात आणि चाल तेवढी ठेवतात. नवशिक्याने एका ३० सेंटिमीटर गजातून, काही न जोडता आणि काही न कापून टाकता, एक पक्षी काढण्याचा प्रयत्न करावा. दहा पक्षी बिघडतील. अकराव्यात गजाचा सरळपणाच पक्ष्याच्या मानेत उतरलेला दिसेल.

गंजाशी सामना

दिल्लीच्या स्तंभावर गंज का चढत नाही, याचे एक कारण त्या लोखंडातील स्फुरदाचे अधिक प्रमाण हे आहे. आपल्या आजच्या पोलादात ते नाही, त्यामुळे त्या उदाहरणावर विसंबून चालणार नाही. पनवेलमध्ये खाडीचा खारा वारा आहे आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने लोखंड ओले राहते. यास्तव आराखड्यातच तजवीज हवी. पाणी साचेल असा खळगा, वर तोंड केलेली वाटी, जमिनीला टेकलेला खांबाचा पाय ही गंजाची घरे होत. खांब जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटर उंच दगडी उथळ्यावर घ्यावा आणि उथळ्याचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा. दगडात गज बसविण्यासाठी पूर्वी वितळलेले शिसे ओतीत. ते करावयाचे असल्यास भोक पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी, नाहीतर ओलीची वाफ होऊन शिसे तोंडावर उडते. नुसते सिमेंट भरल्यास पाणी झिरपते, आणि गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळे अखेर दगडच फुटतो.

रंगापूर्वी खपली निःशेष काढावी. खपलीवर दिलेला रंग खपलीसकट सुटतो. कडे चढविण्याच्या जागी, गजांच्या आतल्या बाजूंस, जोडण्यापूर्वीच जस्तयुक्त प्रायमर देण्याची काही जणांची वहिवाट आहे. ती मी त्याज्य मानतो, कारण तापलेल्या कड्याने तो लेप जळतो आणि जस्ताचा धूर निघतो. त्याऐवजी जोड पूर्ण निवल्यावर फटीत पातळ प्रायमर मुरू द्यावा आणि मग वरचे हात द्यावेत. उघड्यावरील मोठ्या कामास तप्त जस्तलेपन उत्तम. मात्र पोकळ नळ्यांना आधी हवा जाण्याची भोके ठेवावीत, अन्यथा जस्ताच्या सुमारे ४५० अंशांच्या कुंडात त्या फुटण्याचा धोका असतो. घरातील कामास अळशीचे तेल आणि मेण कोमट लोखंडावर चोळले की काळसर, शांत तकाकी येते. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात.

पहिल्या वर्षाचा क्रम

प्रारंभी दोन महिने केवळ टोके काढावीत आणि आकडे वाकवावेत. पुढचे दोन महिने सुंबे व छिन्न्या घडवाव्यात. त्यानंतर पीळ, चिरणे, भोके आणि कूस. वर्षाच्या उत्तरार्धात वेटोळी, आणि सर्वांत शेवटी एक लहान खिडकीची जाळी: चार गज, दोन पट्ट्या, दोन वेटोळी आणि त्यांना बांधणारे एक कडे. वेल्डिंगचा एकही टाका नको.

ती जाळी पुरी झाल्यावर ती पावसाळाभर उघड्यावर टांगावी. ऑक्टोबरात ती खाली उतरवून कड्याला बोटांनी हलवून पाहावे. ते हलले तर माप चुकले किंवा ताप कमी पडला असे समजून पुन्हा भट्टी पेटवावी. हलले नाही तर बोटांखाली जो घट्टपणा लागेल, त्यात बोरघाट चढणाऱ्या चाकांना धाव चढविणाऱ्या माणसांचे कसब आपल्या हाती आले, असे समजण्यास हरकत नाही.